रेजिस कुणाच्या बाजूचा

यलो रन, पेनसिल्व्हेनिया
७ मार्च २०२१

प्रिय मार्सेला,

तुझं कार्ड आणि मेपलच्या साखरेचा डबा पोचला. फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर मला बोलायला सुचत नाही, नुसती शांतता होते आणि पलीकडचा माणूस घाबरतो. लिहिणं त्यातल्या त्यात जमतं. गावाच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात मी आयुष्यभर अहवालच लिहिले, त्यामुळे हेही तसंच कोरडं वाटेल. सांभाळून घे.

महामारीमुळे तुला भावाच्या अंत्यविधीला येता आलं नाही, याची खंत करू नकोस. चर्चमध्ये एक बाक सोडून एक बसायचं होतं. नंतरचं जेवण अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये ठेवता आलं नाही. डोलोरेस आणि चर्चच्या बाकीच्या बायका मास्क लावून गाड्यांच्या तळावर उभ्या राहिल्या आणि प्रत्येक गाडीच्या खिडकीतून बटाटा भरलेल्या पिरोगीचे डबे आत देत होत्या. रेजिस असता तर म्हणाला असता, "अरे, मेल्यावर तरी लोकांना बसून जेवू द्या."

तू विचारलंस, नक्की झालं काय. आमच्या कोळशाच्या वीज केंद्रातला बॉयलर जुना. फेब्रुवारीच्या थंडीत त्यातली एक नळी गळायला लागली. इतक्या दाबाची वाफ दिसत नाही. नुसता सूं असा आवाज येतो, आणि ती कुठून सुटते आहे हे कळायच्या आत माणूस कापला जातो. म्हणून तिथले लोक लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालतात. झाडूच्या काड्या तुटून पडल्या, की गळती तिथे. रेजिसनं गळती शोधली आणि शिफ्टचा प्रमुख ड्वेन पेट्रिलाला सांगितलं, बॉयलर बंद कर. बंद झाला नाही. दुसऱ्या दिवशी रेजिस पुन्हा बघायला गेला आणि नळी फुटली.

हे मला ड्वेननंच दफनभूमीच्या फाटकाशी सांगितलं. ते दोघं शाळेपासूनचे मित्र, हे तुला माहीत आहे. रडत होता. म्हणाला, "झाडू त्याच्या हातात होता, वर्ना. मीच उचलला."

काल कंपनीचा अपघात अहवाल आला. त्यात लिहिलं आहे की मृत कर्मचारी झाडू न घेता, कुणाला न सांगता आत गेला. खाली ड्वेनची सही आहे.

तुझी,
वर्ना

—

पोर्ट एल्डन, न्यूयॉर्क
२१ मार्च २०२१

वर्ना,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा मी स्वयंपाकघरात एक बशी फोडली. मुद्दाम. मग बरं वाटलं.

रेजिस झाडू न घेता जाईल? अगं, लहानपणी आम्ही गोठलेल्या तळ्यावर खेळायला जायचो तेव्हा हा काठीनं ठोकून ठोकून पुढे जायचा आणि आम्ही सगळे त्याला "म्हातारबा" म्हणायचो. त्या ड्वेनला माझ्या आईनं स्वतःच्या हातानं जेवू घातलं आहे. एवढुसा होता, नाक गळायचं. त्याला म्हणावं, मार्सेलानं विचारलंय, सही करताना हात कसा नाही थरथरला?

ऐक. तुमचे राज्यपाल आता आमच्या राज्यांच्या गटात यायचं म्हणताहेत. तुमच्याकडे त्याचं काय चित्र रंगवतात मला ठाऊक आहे, म्हणून सरळ सांगते. सगळ्या वीज केंद्रांनी मिळून वर्षाला किती कार्बन हवेत सोडायचा, यावर एक मर्यादा. प्रत्येक टनाला एक परवाना. परवान्यांचा लिलाव होतो, केंद्रं ते आपापसात विकतातही, आणि मर्यादा दरवर्षी थोडी खाली येते. लिलावाच्या पैशातून आमच्याकडे जुन्या घरांच्या भिंती भरतात, म्हणजे ऊब बाहेर जात नाही. मी निवृत्तीनंतर तेच करते. लोकांच्या घरी जाऊन फटी शोधते. आमच्या तळ्याकाठचं कोळशाचं केंद्र बंद झालं तेव्हा मीही रडले होते. आता खिडकीच्या कठड्यावर काजळी नसते.

तुमच्याकडे सुनावण्या होतील. तू जा आणि बोल. असली भंगार बॉयलर चालवणारी केंद्रं बंदच व्हायला हवीत, हे तुझ्यापेक्षा जास्त हक्कानं कोण सांगणार?

आणि जेवतेस का नीट?

तुझी नणंद,
मार्सेला

—

यलो रन
३० मे २०२१

प्रिय मार्सेला,

जेवते.

उत्तराला उशीर झाला. मध्ये एक गोष्ट घडली. शनिवारी किराणा आणायला गेले, तर दुकानाच्या दारात रेजिसचा फोटो. अग्निशमन दलाच्या सहलीतला, टोपी मागे सरकवलेला. खाली लिहिलं होतं: "रेजिसनं यलो रनसाठी जीव दिला. तुम्ही एक आवाज द्या. कार्बन मर्यादा नको." परत येताना मोजायच्या भानगडीत पडले नाही, पण आमच्या रस्त्यावर जवळजवळ प्रत्येक अंगणात ती पाटी होती. आमच्या अंगणातसुद्धा. मी घरी नसताना कुणीतरी लावून गेलं होतं, बहुतेक चांगल्या मनानं.

मी ड्वेनला बोलावलं. तो ओसरीच्या पायरीवर बसला, आत आला नाही.

मी विचारलं, "अहवालात तो निष्काळजी आणि पाटीवर तो वीर. दोन्ही तुम्हीच लिहिलंत. त्यातला खरा कुठला?"

म्हणाला, "वर्ना, एवढी सुनावणी होऊ दे. आमदार येणार आहेत. तू दोन शब्द बोल, की आमचं केंद्र चालू राहू द्या. बास. मग मी स्वतः कार्यालयात जाऊन अहवाल दुरुस्त करून घेतो. वरून होकार आहे."

"आधी का नाही?"

"आधी केला तर सरकारी तपासनीस विचारणार, गळती माहीत होती तर बॉयलर चालू का ठेवला. मग लागलं कुलूप. सगळं गाव उठून गेलं, तर रेजिसला चांगला म्हणायला इथे राहील कोण?"

"मी राहीन," मी म्हटलं.

त्यानं बुटाला लागलेला चिखल पायरीवर खरवडला. मग म्हणाला, "मी फोन केला होता गं वरती. रेजिसनं सांगितलं त्याच दिवशी. ते म्हणाले, रविवारपर्यंत ओढा."

रविवारच का, हे मी विचारलं. ते तुला सांगावं की नाही याचा मी आठवडाभर विचार केला. त्या थंडीत तुमच्याकडे विजेची ओढ होती. तुमची जुनी केंद्रं बंद झालेली, उरलेल्यांना परवाने घ्यावे लागतात म्हणून त्यांची वीज महाग. आम्हाला परवाना लागत नाही. तारा सीमेवर थांबत नाहीत. थंडी ओसरेपर्यंत भाव चांगला होता म्हणून रविवार.

हे मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. तू विचारलं होतंस झालं काय, म्हणून पूर्ण सांगितलं.

तुझी,
वर्ना

—

पोर्ट एल्डन
१२ जून २०२१

वर्ना,

दोष द्यायला लिहीत नाही म्हणतेस, आणि दिलास. माझ्या घरचा दिवा लागावा म्हणून माझा भाऊ मेला, असंच ना? सरळ लिहायचं होतंस.

नळी तुमच्या कंपनीची. लोभ तुमच्या कंपनीचा. खोटी सही तुमच्या ड्वेनची. आणि गुन्हेगार कोण, तर आम्ही, ज्यांनी निदान काही करून पाहिलं! उलट यातून हेच सिद्ध होतं की तुम्हीही गटात या. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच नियम असता, तर त्या आठवड्यात तुमचा बॉयलर ओढण्यात कुणाला फायदा नसता. एवढं सरळ आहे ते.

तुला कळायला हवं म्हणून सांगते, इथे लोकांना रेजिसची किंमत आहे. एप्रिलमध्ये आमच्या संघटनेची सभा झाली, तिथे मी त्याच्याबद्दल बोलले. बोलता बोलता रडले. त्यांनी ते छापलं आहे, त्याच्या शाळेतल्या फोटोसकट. "कोळशानं आणखी एक बळी घेतला." ते पत्रक तुमच्या राजधानीतसुद्धा वाटलं गेलं. सोबत एक प्रत पाठवते. वाच आणि सांग, आम्ही त्याचा अपमान केलाय का.

मार्सेला

—

यलो रन
२६ जून २०२१

मार्सेला,

पत्रक मिळालं. त्यात लिहिलं आहे की त्याला कोळशाच्या केंद्रात नाइलाजानं काम करावं लागलं. नाइलाज नव्हता. त्याला त्याचं काम आवडायचं. बॉयलर नीट चालला की तो घरी येऊन शीळ घालायचा.

त्यात असंही आहे की त्याच्या कुटुंबाची मर्यादेला मान्यता आहे. कुटुंब म्हणजे मी. मला कुणी विचारलं नाही.

डोलोरेसच्या हातीही एक प्रत लागली. गुरुवारी चर्चच्या तळघरात पिरोगी वळताना तिनं ती सगळ्यांसमोर पिठाच्या टेबलावर ठेवली. म्हणाली, "वर्ना, हे तू लिहून दिलंस?" मी नाही म्हटलं. तिनं विश्वास ठेवला असं वाटत नाही.

इकडे त्याचा फोटो आहे, तिकडेही आहे. दोन्हीकडे तो हसतो आहे. अहवाल तसाच आहे.

वर्ना

—

पोर्ट एल्डन
५ ऑगस्ट २०२१

प्रिय वर्ना,

हे पाचवं पत्र. आधीची चार फाडली. त्यांत मी बरोबर कशी हेच होतं.

पत्रकं परत मागवली. अर्धी वाटून झालेली होती. संघटनेची मुलगी म्हणाली, "पण मावशी, हेतू तर चांगला होता ना?" मी म्हटलं, "बाई गं, पलीकडच्या पाट्या लावणाऱ्यांचाही चांगलाच असेल."

परवा एका म्हातारीच्या घरी भिंत तपासत होते. हिवाळ्यात घर कसं राहतं विचारलं. म्हणाली, "फेब्रुवारीत एवढी थंडी पडली, पण दिवा एकदाही गेला नाही हो!" मी नोंदींचे कागद तिथेच ठेवून बाहेर येऊन गाडीत बसले.

मला अजूनही वाटतं की मर्यादा हवी. ते खोटं कशाला सांगू? पण ती एका बाजूला बांधली की पाणी दुसरीकडून जातं, आणि दुसरीकडे माझा भाऊ उभा होता, हे मी कधी मनात आणलं नव्हतं.

सुनावणीत तू काय बोलणार? मी आता काही सुचवत नाही. अहवाल दुरुस्त होत असेल तर त्यांच्या बाजूनंही बोल. मी तोंड उघडणार नाही.

तुझी,
मार्सेला

—

यलो रन
१७ ऑक्टोबर २०२१

प्रिय मार्सेला,

सुनावणी झाली. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होती. मी जायच्या आधी दोन दिवस ड्वेननं टाइप केलेला दुरुस्तीचा मसुदा आणून दाखवला. "झाडू हातात होता" असं त्यात आलं होतं. बॉयलर बंद करायला सांगितलं, ते नव्हतं. मी म्हटलं, "ते कुठे आहे?" म्हणाला, "एवढं घे, वर्ना. याहून जास्त मिळणार नाही." तो मसुदा मी परत दिला. खरं सांगते, द्यायला जड गेलं.

दाराशी डोलोरेस नावं लिहून घेत होती.

"बाजूनं की विरोधात?"

"कुठलंच नको लिहूस."

"तसा रकाना नाही गं."

"मग मोकळं सोड."

"मोकळं सोडलं तर बसवू कुठे तुला? बाजूचे डावीकडे, विरोधातले उजवीकडे."

मी मागे कॉफीच्या भांड्याजवळ उभी राहिले. डावीकडे फक्त कॉलेजची काही माणसं होती. उजवीकडे सगळं गाव, बऱ्याच जणांच्या अंगात रेजिसचा फोटो छापलेले सदरे. इतके रेजिस एकदम मी कधी पाहिले नव्हते.

माझं नाव पुकारलं तेव्हा उजवीकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जे बोलले ते घरून लिहून नेलं होतं, तेच इथे उतरवते.

"मी वर्ना कुंद्रात. रेजिस माझा नवरा. अहवालात लिहिलं आहे की तो झाडू न घेता आत गेला. झाडू त्याच्या हातात होता. लिहिलं आहे की त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्यानं आदल्या दिवशी बॉयलर बंद करायला सांगितलं होतं. बंद केला नाही, कारण उत्तरेकडे विजेला भाव होता. भाव होता, कारण तिकडे त्यांनी आपली केंद्रं बंद केली आणि वीज आपल्याकडून घेतली. त्यानं यलो रनसाठी जीव दिलेला नाही. स्वच्छ हवेसाठीही दिलेला नाही. तो कामावर गेला होता आणि त्याला घरी यायचं होतं. त्याचा फोटो दोन्हीकडच्यांनी काढून टाकावा."

टाळ्या नाहीत. एका आमदारांनी चष्मा काढून विचारलं, "म्हणजे, मॅडम, या मर्यादेच्या कार्यक्रमाबाबत आपली सूचना काय समजायची?"

मी म्हटलं, "तो अहवाल बदला."

ते सौम्यपणे म्हणाले, "ते आमच्या कक्षेत येत नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "ड्वेन, खरं का रे हे?" ड्वेन उठला आणि बाजूच्या दारानं बाहेर गेला. त्याच्या जाण्यानंच सगळ्यांना उत्तर मिळालं. पण मार्सेला, उत्तर मिळालं म्हणून लोक माझ्याकडे आले असं झालं नाही. ज्यांना ते आधीपासून ठाऊक होतं, त्यांना मी ते मोठ्यानं म्हणायला नको होतं. बाहेर पडताना क्लीटस, जो रेजिसची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत होता, एवढंच म्हणाला, "आता बंद झालं तर आमच्या पोरांना तू सांग."

पाट्या मात्र आठवड्याभरात गेल्या. गुरुवारी पिरोगी वळायला मला कुणी बोलावलं नाही.

तुझी,
वर्ना

—

पोर्ट एल्डन
१४ जुलै २०२२

प्रिय वर्ना,

नाताळच्या कार्डावर तू फक्त नाव लिहिलंस, मीही फक्त नावच लिहिलं. आता मात्र राहवत नाही.

तुमच्या कोर्टानं मर्यादा रोखली, असं बातम्यांत ऐकलं. म्हणजे नियम झाला आणि सुरू व्हायच्या आतच थांबला. आमच्या संघटनेत सुतक असल्यासारखं वातावरण आहे. मला दुःख झालं, आणि लगेच वाटलं, चला, निदान वर्नाला आता कुणी टोचणार नाही. हे दोन्ही एकदम वाटणं बरोबर आहे का, कोण जाणे.

गाव बोलतं का तुझ्याशी? अहवालाचं काही हललं?

इकडे ये. खोली रिकामी आहे. तळं आहे. मी फार बडबड करते, पण तू कानात बोळे घाल.

मार्सेला

—

यलो रन
३ सप्टेंबर २०२३

प्रिय मार्सेला,

तुझ्या पत्राला वर्षानं उत्तर देते आहे. सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

यलो रनचं वीज केंद्र बंद झालं. वसंतात नोटीस लागली आणि जुलैत शेवटचा कोळसा जळला. नोटिशीत कारण लिहिलं होतं, "कार्बन मर्यादेमुळे निर्माण झालेली परिस्थिती." मर्यादा एक दिवसही लागू झालेली नाही. नैसर्गिक वायूची वीज स्वस्त पडते आणि बॉयलरला कुणी पैसा घालणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी दुकानात डोलोरेस माझ्या पुढ्यात सामानाची ढकलगाडी आडवी लावून म्हणाली, "झालं ना मनासारखं?" मी म्हटलं, "नाही, डोलोरेस." ती रडायला लागली. तिचे दोन्ही जावई त्या केंद्रातच कामाला होते. मी तिची गाडी धरून उभी राहिले. तिनं माझा हात झटकला नाही, एवढंच.

अहवालासाठी मी पुन्हा अर्ज केला. कंपनी म्हणते, केंद्र पाडायच्या कंत्राटदाराला विकलं, कागद त्यांच्याकडे. कंत्राटदार म्हणतो, आम्ही फक्त लोखंड घेतलं. सरकारी कार्यालय म्हणतं, दुरुस्ती मालकानं मागायची असते, आणि तो मालक आता नाही. तेव्हा जे लिहिलं आहे ते तसंच राहणार.

ड्वेन गेल्या आठवड्यात आला होता. तो मुलीकडे टेक्ससला जातो आहे. खूप वाळला आहे. या वेळी आत आला, स्वयंपाकघरात बसला. म्हणाला, "कागद दे, वर्ना. सगळं लिहून सही करतो. रेजिस काय म्हणाला, मी काय म्हणालो, वरचे काय म्हणाले."

मी विचारलं, "आणि तो कागद द्यायचा कुणाला?"

मी कॉफी दिली. ती त्यानं प्यायली.

मग मी ऑगीकडे गेले, तो थडग्यांचे दगड कोरतो. इथे नवरा-बायकोचा एकच दगड असतो, म्हणून पुढच्या बाजूला रेजिसच्या शेजारी माझं नाव आणि जन्मसाल आधीच कोरलेलं आहे, पुढची जागा मोकळी. मी म्हटलं, मागच्या बाजूला एक वाक्य हवं आहे. कागदावर लिहून दिलं: "बॉयलर बंद करा, असं यानं सांगितलं होतं."

ऑगीनं ते दोनदा वाचलं. "वर्ना, लोक प्रार्थना लिहितात. फार तर देवदूत."

"पुढे आहे प्रार्थना."

"फादर परवानगी देणार नाहीत."

"विचारलं. ते म्हणाले, हा थडग्यावरचा मजकूर नाही. मी म्हटलं, मग तो कुठला मजकूर आहे ते सांगा, मी तिथे नेऊन देते. त्यावर त्यांनी मनाई केली नाही."

ड्वेनला हे कळलं तेव्हा त्यानं फोन केला. "खाली माझं नाव घाल. ज्याला सांगितलं तो मी." मी नाही म्हटलं. त्याला शिक्षा हवी होती, हे मला समजलं. पण तो दगड त्यासाठी नाही.

मी तुझ्याकडे राहायला येणार नाही. इथे आता थोडीच माणसं उरतील, त्यांत मला राहायचं आहे. पण तू ये. दगड कोरून झाला की ये. तुझ्याशी भांडण नाही. कधी होतं तेही मला आता नीट आठवत नाही.

ऑगीचा शेवटचा प्रश्न होता, "तुझ्यामागे कुणी हे घासून काढलं तर?"

मी त्याला खोल कोरायला सांगितलं आहे.

तुझी,
वर्ना